वर घर, खाली दुकान



गेल्या अंकात एसीच्या बिलांचे पुराण अर्धवट सोडले होते आणि उरलेले यावेळी सांगू असे कबूलही केले होते. पण मध्यंतरी वाईहून दादाचा फोन आला आणि ते राहूनच गेले.

"अरे, बिल्डरचे कागद तयार आहेत. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी तेवढी राहिलीय."

सही हवी आहे ती वाड्याच्या रस्त्याकडच्या भागासाठी. खाली आजोबांचे दुकान, वर माडी. दुकानाच्या फळ्यांवर आजोबांनी स्वतः आकडे घातलेले. सकाळी फळ्या काढायच्या आणि रात्री एक नंबरपासून खाचेत सरकवायच्या, हे काम लहानपणी आमच्याकडे असे. चार नंबरची फळी कायम अडायची.

फोन ठेवला तेव्हा सौ. म्हणाली, "नुसते बसून काय होणार? चला, मुहर्रकला चक्कर मारून येऊ." शुक्रवारची संध्याकाळ होती. चिरंजीवांना मागच्या सीटवर कोंबले आणि पूल ओलांडला.

आपल्यापैकी बरेच जण मुहर्रकला जातात ते विमान पकडायला, नाहीतर हलवा घ्यायला. पण बाजाराला लागूनच मोत्यांचा जुना मार्ग आहे. सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट, तिच्यावर सतरा जुन्या इमारती. २०१२ साली युनेस्कोने या इमारती, बू माहिरचा किल्ला आणि समुद्रातल्या शिंपल्यांच्या तीन पट्ट्यांसह हा सगळा ठेवा जागतिक वारशाच्या यादीत घातला. मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला २०१९ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कारही मिळाला. त्या सतरांमध्ये मोठ्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या आहेत, फाख्रो घराण्याच्या वखारी आहेत, आणि कैसरिया बाजारातली सियादींची दुकानेही आहेत. आमचे पाय अडखळले ते तिथेच.

दुकाने म्हणजे किती, तर एका माणसाने हात पसरले की दोन्ही भिंती लागतील असे वाटावे. भिंत समुद्रातून काढलेल्या प्रवाळ दगडाची, सांधायला जिप्समचा चुना. वर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून आलेले कांदळवनाचे वासे, त्यांच्यावर चटई, आणि चटईवर माती. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, साधारण दहा फूट. इथल्या जुन्या घरांत सगळ्या खोल्या अरुंद आणि लांबट का, याचे उत्तर आर्किटेक्टकडे नाही, त्या झाडाकडे आहे! दारांना सागवान हिंदुस्थानातून यायचे. अरबीत त्याला 'साज' म्हणतात, म्हणजे लाकडाबरोबर नावही आपल्याकडूनच आलेले दिसते.

आम्ही इंग्लंडात एम.एस्सी. करत होतो तेव्हा एका जॉर्जियन काळातल्या चाळवजा घरात राहत होतो. (जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३०, एकामागून एक चार जॉर्ज राजे.) सामाईक भिंतींची घरांची रांग, वर बिऱ्हाडे, खाली दुकान. तिथे दुकानाला काचेची मोठी खिडकी हवी, आणि वरच्या तीन मजल्यांची विटांची भिंत तर खाली उतरायला हवी. मग दुकानाच्या माथ्यावर एक अगडबंब लाकडी तुळई आडवी घालत आणि ती पाटीमागे लपवत. दुकानदार हौसेने खिडक्या रस्त्यावर पुढे काढू लागले, तेव्हा लंडनच्या १७७४ च्या इमारत कायद्याने त्या किती इंच पुढे याव्यात तेही ठरवून टाकले. म्हणजे फूटपाथ अडवण्याची कला केवळ आपली नव्हे.

वाड्यात ते काम खण करतो. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, दोन तुळयांमध्ये खण. लंडन, मुहर्रक, वाई, सगळीकडे दुकान किती रुंद हे लाकडाच्या लांबीने ठरवले.

मुहर्रकचे व्यापारी मोती विकायला मुंबईला जात आणि तांदूळ, कापड, लाकूड घेऊन परत येत. १९६५ साली दिनार येईपर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालत होता. १९२९ ची जागतिक मंदी आली, जपानी कल्चर्ड मोती आले, आणि हा धंदा बसला. १९३२ साली तेल सापडले. पैसा आला, तो सिमेंट घेऊन आला.

खरी गोष्ट इथेच आहे. प्रवाळ दगडात मीठ असते. जमिनीतली ओल भिंतीत चढते, आणि जिप्समच्या गिलाव्यातून वाळून निघून जाते. त्यावर मजबुतीसाठी सिमेंट फासले की ओल आत कोंडते, मिठाचे स्फटिक होतात आणि दगड आतून भुगा होतो. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. दुरुस्ती करणाऱ्यांना म्हणून आधी सिमेंट खरवडावे लागते.

हे चिरंजीवांना समजावून सांगता सांगता आम्ही मध्येच गप्प झालो.

"काय झालं बाबा?"

काय सांगणार? २००५ साली आम्ही नवी कोरी डिग्री घेऊन वाईला गेलो होतो. दुकानाची भिंत ओली दिसत होती. दादाला म्हटले, "हा मातीचा गिलावा काढून टाक, चांगले सिमेंट प्लास्टर मार." दादाने कर्ज काढून मारले. परदेशातून शिकून आलेल्या धाकट्या भावाचा सल्ला, मोडणार कसा? आता बिल्डरचा इंजिनिअर म्हणतोय, भिंतीतले खांब तळाला कुजलेत, इमारत धोकादायक आहे. खोटे बोलत नसावा.

रात्री दादाला फोन लावला. "दुकानाच्या पहिल्या खांबापाशी फूटभर गिलावा खरवड. तळखड्यापाशी लाकडात खिळा किती जातो ते बघ, आणि फोटो पाठव."

"प्लास्टर तूच मारायला सांगितलं होतंस ना रे?"

"हो."

दादा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी गवंड्याला बोलावतो."

फोटो आला आहे. लाकूड तळाशी चार बोटे काळे पडले आहे, खिळा अर्धा इंच जातो. त्याच्या वर कोरडे, पिवळे सागवान. तेवढा तुकडा कापून नवा जोड देता येतो, हे आम्ही दादाला कळवले. बाकीचे खांब अजून उघडायचे आहेत. गवंडी गुरुवारी परत येणार आहे, आणि कागद आमच्या टेबलावर आहेत.