गाडी परत गेल्यावर

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात दरबान आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांच्या मधे एक खोरं आहे. त्याचं नावच ‘हजार टेकड्यांचं खोरं’. फोटोत पाहिलं की डोळे निवतात. टेकडीटेकडीवर झुलू लोकांची घरं, उतारावर चरणाऱ्या गाई. पण उतारावर पाऊस थांबत नाही, आणि खालचं पाणी डोक्यावरून वर नेणं हे बायकांच्या आणि पोरींच्या वाट्याचं काम.

तिथली गरिबी आभाळातून पडलेली नाही. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. १९३६ मध्ये हा आकडा तेराच्या आसपास नेला, एवढंच. पोट भरेना म्हणून पुरुष जोहान्सबर्गच्या खाणींकडे गेले. पुढे एड्स आला आणि कितीतरी घरांतली कमावती पिढीच उचलून घेऊन गेला. सरकारी दवाखान्यांत औषधं मिळू लागली ती २००४ पासून. आता अशी घरं ‘गोगो’ चालवते. गोगो म्हणजे आजी. तिच्या सरकारी पेन्शनवर चार-पाच नातवंडांचं जेवण, गणवेश, सगळं.

अशा गावात मदतीची गाडी येते, पीठ-तेल-ब्लँकेट वाटून जाते. मी त्याला नावं ठेवणार नाही. एप्रिल २०२२ च्या पुरात या प्रांतात चारशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा आधी भाकरीच हवी होती. डॉ. इम्तियाज सुलेमान यांनी १९९२ मध्ये पीटरमारित्झबर्गला सुरू केलेली ‘गिफ्ट ऑफ द गिव्हर्स’ ही संस्था अशा वेळी धावून जाते. पण हीच संस्था बोअरवेलही खोदते, आणि मला विचाराल तर तिचं ते काम पोत्यापेक्षा मोठं. पोतं महिन्यात संपतं. घराजवळ पाणी आलं की मुलीचे तास वाचतात, आणि त्या तासांची किंमत आम्हा शिक्षकांना चांगली कळते. पाण्यासाठी उशिरा येणाऱ्या मुली आपल्याकडेही कमी नाहीत.

याच खोऱ्यात डॉ. हॅली स्टॉट यांनी दवाखाना काढला. त्यांच्या लक्षात आलं की बरेच रोगी मुळात उपासमारीने आजारी आहेत; बाटलीभर औषध देऊन घरी पाठवलं तरी घरात खायला काय आहे? १९५३ मध्ये त्यांनी ‘व्हॅली ट्रस्ट’ उभा केला आणि दवाखान्याच्या जोडीला भाजीचा मळा दाखवायला ठेवला. रॉबर्ट माझीबुको या झुलू शेतीशिक्षकाने तर आयुष्यभर लोकांना चर खणायला शिकवलं. चरात वाळकं गवत, घरचा कचरा, शेण भरायचं, वर माती टाकायची. खालचा कचरा कुजत राहतो आणि ओल धरून ठेवतो. कोबी, पालक निघतो. खर्च फक्त घामाचा. बियाण्याची पाकिटं वाटून फोटो काढण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण शिकवणाऱ्याला पुन्हा पुन्हा यावं लागतं.

आणि झुलू समाजाला एकमेकांना धरून राहणं कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. त्यांची ‘उकुसिसा’ नावाची जुनी रीत आहे. ज्याच्याकडे गुरं जास्त, तो एखादी गाय गरिबाच्या गोठ्यात ठेवायचा. दूध पाळणाऱ्याचं, वासरं मालकाची. सांभाळ चांगला झाला तर कधी एखादी कालवड पाळणाऱ्याला. आपल्याकडे अर्धेलीने शेळी देतात, त्याचीच ही बहीण. ‘इलिमा’ म्हणजे तर आपली इर्जिकच: सगळ्यांनी मिळून एकाचं शेत खुरपायचं, त्याने जेवण घालायचं. ज्या गावात ही माणसं आधीपासून आहेत, तिथे त्यांना न विचारता यादी करून आणणं मला तरी उद्धटपणाच वाटतो.

हिलक्रेस्टच्या एड्स केंद्राने हे ओळखलं. त्यांच्या ‘वोझा मोया’ प्रकल्पात बायका मण्यांच्या छोट्या बाहुल्या आणि दागिने करतात. मणीकाम झुलू बायकांच्या हातातलंच. केंद्र माल विकून देतं, बाईला केलेल्या नगाचे पैसे मिळतात. गोगोंचे गटही आहेत; तिथे त्या भाजी लावतात, मेलेल्या मुलांबद्दल बोलतात, रडतातही.

आणि पैसे साठवायला ‘स्टॉकवेल’ आहे, म्हणजे आपली भिशी. कुठे पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम मिळते, कुठे वर्षभर साठवून डिसेंबरात पीठ, साखर, तेल घाऊक भावाने आणतात आणि सगळ्याजणी वाटून घेतात.