हार्ट फेल म्हणजे 'गेला' नव्हे

आमच्या सोनगीरला 'हार्ट फेल झालं' याचा अर्थ एकच, माणूस गेला. त्यामुळे धुळ्याच्या डॉक्टरांनी कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहून दिलं तेव्हा आमचे काका समोर बसून चहा पीत होते आणि काकू पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या! या आजारात हृदय बंद पडत नाही, त्याची रक्त ढकलायची ताकद कमी होते. मग धाप लागते, पाय सुजतात, रात्री दोन-तीन उशा लागतात.

पूर्वी पाणी काढायच्या गोळीवरच सगळी भिस्त असायची. आता चार प्रकारची औषधं एकत्र देतात. त्यातलं सॅक्युबिट्रिल-वलसार्टन २०१४ च्या मोठ्या चाचणीत जुन्या एनालाप्रिलपेक्षा सरस ठरलं. आणखी गंमत डॅपाग्लिफ्लोझिनची. औषध मधुमेहाचं, पण २०१९ मध्ये दिसलं की मधुमेह नसलेल्यांच्या अशक्त हृदयालाही ते उपयोगी पडतं. ("मला साखर नाही, मग ही गोळी कशाला?" हे काकांचं पालुपद अजून चालू आहे.) त्याच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे संपलं आणि साठेक रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. कांद्याच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घराला हा फरक फार मोठा आहे.

पण माझं मत विचाराल तर घोडं अडतंय ते दुसरीकडेच. सूज उतरली की "आते मी बरा शे" म्हणून गोळ्या बंद! लंडनमध्ये हृदय पूर्ववत झालेल्या काही रुग्णांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू थांबवून पाहिली, तर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांचा आजार उलटला. तिथे लक्ष ठेवायला डॉक्टर तरी होते. इथे कोण आहे? दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वारंवार तपासून डोस लवकर वाढवले तर पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते, हे २०२२ मध्ये सिद्ध झालंय. पण त्यासाठी रक्तदाब आणि रक्तातलं पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघावं लागतं, आणि प्रत्येक वेळी धुळे गाठायचं म्हणजे कुणाचा तरी रोज बुडतो. माझ्या मते गावातल्या नर्सताईंच्या वहीत बीपी-शुगरसारखं या रुग्णांचंही पान हवं.

तोवर आमच्या घरी काकूंनी सूत्रं हातात घेतली आहेत. वजनकाटा आणलाय, रोज सकाळी काकांचं वजन कॅलेंडरवर लिहितात. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की डॉक्टरांना फोन. पापड आणि बिबड्यांचा डबा मात्र माळ्यावर गेलाय, आणि काका त्यावरून अजून रुसलेले आहेत.