फावल्या वेळावर हक्क कोणाचा?

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. आठवडाभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा कामगार त्या दिवशी मोकळा असतो आणि सिनेमा हा या गावाचा जुना विरंगुळा. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली मित्रमंडळी गोळा करून ‘मालेगाव के शोले’ तयार केला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. क्रेन नव्हती तेथे बैलगाडी जुंपली, ट्रॉली नव्हती तेथे सायकल चालवली. पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीकला आकाशात उडवून त्यांनी मालेगावचा सुपरमॅन केला. त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट काढला आणि २०२५ साली ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. ज्यांना नकलाकार म्हणून हसण्यात आले त्यांच्याच आयुष्यावर मुंबईच्या चित्रपटसृष्टीला चित्रपट काढावा लागला!

ही माणसे पोटासाठी हे करत नव्हती. हौसेसाठी करत होती. आणि गरिबाने हौस करायची नसते, हा आपल्या समाजव्यवस्थेचा न लिहिलेला कायदा आहे. श्रीमंताच्या मुलाने कॅमेरा घेतला की तो ‘छंद’ ठरतो. कामगाराच्या मुलाने मोबाईल उभा धरून व्हिडिओ काढला की तो ‘रिकामटेकडेपणा’ ठरतो. दोघांचा वेळ तोच, कामही तेच. फरक आहे तो केवळ आडनावाचा आणि पत्त्याचा.

मालेगावात जे मूठभरांना जमले ते आज गल्लोगल्ली चालू आहे. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढवला गेला तो अवघ्या १९ सेकंदांचा होता. एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून चार वाक्ये बोलतो, एवढेच. म्हणजे या संपूर्ण बाजारपेठेचा पायाच मुळात एका हौशी माणसाने घातला. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि वीटभट्टीवरची, उसाच्या फडातली, चाळीतली, झोपडपट्टीतली मुले-मुली कॅमेऱ्यापुढे आली. अहिराणीत विनोद, वऱ्हाडीत नकला, शेतात नाच, हलगीवर गाणे. कोणाची परवानगी नाही, कोणाचे ऑडिशन नाही. ज्या भाषेला दूरदर्शनच्या बातम्यांत आणि मराठी मालिकांत गड्याच्या किंवा मोलकरणीच्या तोंडीच जागा होती, ती भाषा नायक-नायिकेची झाली.

त्यावर प्रस्थापितांची प्रतिक्रिया काय झाली? मे २०२० मध्ये यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांच्यात जे भांडण जुंपले ते आठवून पाहावे. वरवर तो दोन कंपन्यांच्या चाहत्यांचा तंटा होता. पण टिकटॉकवाल्यांना ज्या शिव्या दिल्या गेल्या त्या त्यांच्या कपड्यांवर, रंगावर, राहणीवर, उच्चारांवर होत्या. ‘क्रिंज’ हा शब्द तेव्हापासून घरोघर पोहोचला. त्याचे भाषांतर करण्याची गरज नाही. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द आपण फार जुन्या काळापासून ऐकत आलो आहोत.

मात्र बाहेरच्यांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. आपल्या चळवळीतील ज्येष्ठ मंडळीही या मुलांकडे त्याच नजरेने पाहतात. ‘बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले आणि तुम्ही रिळं करत बसता’ हे वाक्य मी विहारातल्या बैठकीत, लग्नात, अगदी शोकसभेतही ऐकले आहे. शिक्षणाची कळकळ मला मान्य आहे. परंतु बाबासाहेबांचे नाव घेऊन फावल्या वेळाची चेष्टा करणाऱ्यांनी ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ हा १९४५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पुन्हा उघडावा. गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी तेथे यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला पशूच्या जिण्यातून वर काढायचे तर त्याला फावला वेळ मिळाला पाहिजे, फावल्या वेळाशिवाय संस्कृती घडत नाही आणि तो वेळ सर्वांच्या वाट्याला यायचा तर यंत्र हवेच, असा त्यांचा युक्तिवाद आहे. काहींनी फुरसतीत कला उपभोगावी आणि बाकीच्यांनी राबावे ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, कुंचलाही हाती धरत होते. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला व्हायोलिनसाठी वेळ काढावासा वाटला, मग दिवसभर मंडपाचे बांबू वाहणाऱ्या पोराने संध्याकाळी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला तर आपल्या कपाळाला आठी का पडावी?

सर्वच व्हिडिओ चांगले असतात असे माझे म्हणणे नाही. बरेचसे सुमार असतात. रेल्वेरुळावर उभे राहून, कोयता नाचवून काढलेले व्हिडिओ तर थेट पोलीस ठाण्यात नेऊन सोडतात आणि तेथून या मुलांना सोडवताना आईबापांचे दागिने मोडतात, हे मी वकील म्हणून पाहतो. अत्याचारपीडित मुलीचा चेहरा किंवा नाव हळहळ व्यक्त करण्यासाठी दाखवणे हाही गुन्हाच आहे, हेतू कितीही चांगला असो. पण सुमार कविता लिहिणाऱ्याला आपण कविसंमेलनात टाळ्या देतोच ना? हौसेला चुकण्याची मुभा असते, म्हणून तर ती हौस.

खरा प्रश्न वेगळाच आहे. ही मुले आपली निर्मिती ज्या घरात ठेवतात ते घर भाड्याचे आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. मुद्दा असा की, ज्यांची वर्षा-दोन वर्षांची मेहनत त्यावर होती त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही आणि ज्यांनी मूळ फाइल मोबाईलमधून पुसून टाकली होती त्यांच्या हाती काहीच उरले नाही. त्यापुढच्या काही महिन्यांतच रिल्स आणि शॉर्ट्स आले. पोरे नव्या घरात राहायला गेली, पण तेही भाड्याचेच.

या संदर्भात नामदेवराव व्हटकरांची आठवण काढणे भाग आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण त्यांनी पदरमोड करून केले. सरकारी यंत्रणेने वा एखाद्या बड्या स्टुडिओने ते करायला हवे होते, असे म्हणत ते बसले नाहीत. दर ६ डिसेंबरला जी चलच्चित्रे पाहून आपले डोळे भरून येतात ती आज पाहायला मिळतात, कारण एका माणसाने खिशाला चाट लावून ती टिपली आणि ती रिळे जपली गेली. जपली गेली, हे महत्त्वाचे.

आता कायद्याकडे येतो, कारण माझ्याकडे येणारी मुले बहुतांश याच कामासाठी येतात. काही महिन्यांपूर्वी एक तरुण आला. मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात मजुरी करतो, आवाज चांगला आहे. त्याने एक जुने भीमगीत स्वतःच्या आवाजात, ढोलकी-हलगीच्या साथीवर गाऊन चढवले होते. एका संगीत कंपनीने त्यावर हक्क सांगितला आणि व्हिडिओ बंद झाला. मुलगा घाबरला होता. त्याला वाटले पोलीस येतील. मी त्याला एकच विचारले, ‘कंपनीने कोणत्या हक्काचा दावा केला आहे?’ त्याला ठाऊक नव्हते. बहुतेकांना ठाऊक नसते आणि कंपन्यांचा धंदा या अज्ञानावर चालतो.

एका गाण्यात किमान तीन हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही कंपनीची कॅसेट किंवा सीडी वाजवून तिचा आवाज व्हिडिओत घेतला तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आड येतो. प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे तो राहतो. तुम्ही स्वतःच्या गळ्याने गायलात तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच उद्भवत नाही. उरतात शब्द आणि चाल. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे शब्दांवर हक्क असतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचे साहित्य २०३० सालापासून मोकळे होईल. महात्मा फुल्यांचे अखंड केव्हाच मोकळे आहेत. आणि बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. त्यांच्या मूळ पुस्तकाचे पान वाचून कोणी व्हिडिओ केला तर कोणाच्याही बापाची परवानगी लागत नाही. मात्र अनुवाद वापरला तर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो आणि बाबासाहेबांच्या पश्चात प्रथमच छापल्या गेलेल्या लेखनाची मुदत ते छापल्यापासून मोजतात, हे ध्यानात ठेवावे.

मग शब्दांचा हक्क कंपनीकडे आला कसा? येथेच खरी मेख आहे. आपल्या शाहिरांनी पाचपन्नास रुपयांवर, कधी नुसत्या प्रवासखर्चावर गाणी देऊन टाकली. पण कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच झाले पाहिजे. १० मे १९९५ नंतरच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ते हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानले जाते, त्याआधीच्या हस्तांतरणांना हा नियम लागू नाही. म्हणजे किती तरी जुन्या भीमगीतांवर कंपन्या आज जो मालकी हक्क सांगतात त्याचा कागद पाहायला मागितला पाहिजे. तो कागद नसेल, किंवा तो त्या तारखेनंतरचा असून त्यात मुदत नसेल आणि पाच वर्षे उलटली असतील, तर गीताचा हक्क शाहिराच्या वारसांचा आहे. हातावर पोट असलेल्या किती शाहीर कुटुंबांना हे माहीत आहे? वारसांची परवानगी घेऊन गाणारा हौशी मुलगा आणि शाहिराचे घर, दोघांचेही हित यात एक आहे.

‘तीस सेकंद गाणे वापरले तर चालते’ ही अफवा आहे. कायद्यात असे सेकंद कोठेही मोजलेले नाहीत. कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी उचित वापराची मोकळीक आहे. धार्मिक विधीत व लग्नाच्या वरातीत गाणे वाजवण्याला सूट आहे. पण त्याच विधीचे चित्रण पुढे जगभर प्रसारित करणे त्या सुटीत येते असे गृहीत धरून चालू नये. यूट्यूबवरचा ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ यांतही फरक आहे. क्लेमने बहुधा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे वळतात. स्ट्राइक मात्र गंभीर, कारण ९० दिवसांत तीन साचले तर चॅनेलच जाते. स्ट्राइक चुकीचा असेल तर प्रतिनोटीस देता येते आणि उगाच धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली दिवाणी न्यायालयात जाता येते. त्या तरुणाच्या बाबतीत आम्ही कंपनीकडे हस्तांतरणाची प्रत मागितली आहे. उत्तर आलेले नाही.

कंपन्यांना जाब विचारताना आपल्या पोरांनाही एक विचारले पाहिजे. गाणे वामनदादांचे, आणि व्हिडिओवर नाव चॅनेलवाल्याचे, हे कोणत्या न्यायात बसते? नाव लावून घेण्याचा कवीचा हक्क कलम ५७ ने राखून ठेवला आहे, आणि कवीने आपले सगळे हक्क विकले तरी तो हक्क त्याच्याकडेच राहतो. ज्यांची नावे इतिहासाने पुसली त्यांच्या वारसांनी शाहिराचे नाव पुसावे यासारखी शोकांतिका नाही. नाव माहीत नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. निम्मा इतिहास त्या विचारपुशीतच सापडेल, आणि कदाचित पुढच्या व्हिडिओचा विषयही.

विहारांना जागा असतात, त्यात कपाट असते, कपाटात जयंतीच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे असतात. त्यातच एक हार्ड डिस्क ठेवायला फार खर्च येत नाही. वस्तीतल्या मुलामुलींनी केलेल्या व्हिडिओंच्या मूळ फाइल तीत तारीख, ठिकाण आणि करणाऱ्याच्या नावासह जमा कराव्यात. फिरत फिरत व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत दाबली जाते, तिची तारीख-वेळ हरवते. उद्या एखाद्या मोर्चाचा किंवा हल्ल्याचा तोच व्हिडिओ न्यायालयात पुरावा म्हणून लागला तर मूळ फाइल आणि ती ज्या मोबाईलमधून निघाली तो मोबाईल यांना किंमत येते. अंत्ययात्रेची रिळे व्हटकरांना रसायनात धुवून घ्यावी लागली असतील. आपल्याला केवळ एक वायर जोडायची आहे.

माझ्या व्यवसायबंधूंनीही महिन्यातला एक रविवार यासाठी काढावा, अशी विनंती आहे. जिल्हा न्यायालयातल्या आपल्या वकिलांनी जवळच्या विहारात दोन तास बसावे आणि या मुलांचे, तसेच शाहिरांच्या कुटुंबीयांचे कागद विनामूल्य पाहावेत. मुलांनी येताना मूळ फाइल, गाणे कोणाचे याची माहिती आणि कंपनीकडून आलेला मजकूर मोबाईलमध्ये न पुसता सोबत आणावा. शाहिरांच्या घरच्यांनी पेटीतले जुने करारपत्र आणावे, ते फाटलेले असले तरी चालेल.