निरंक

शाळेच्या दप्तरात सर्वांत जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी ‘निरंक’ म्हणेन. तक्रारपेटीची नोंदवही, सखी सावित्री समितीचं इतिवृत्त, केंद्रप्रमुखांकडे जाणारा अहवाल, सगळीकडे तेच. आलेल्या तक्रारी निरंक, निकाली काढलेल्या निरंक, प्रलंबित निरंक. खाली सही आणि गोल शिक्का. मुख्याध्यापक असताना अशा सह्या मीही बारा वर्षं केल्या आहेत, तेव्हा हे कुणा दुसऱ्याबद्दल लिहितोय असं समजू नका.

नोव्हेंबरचा पहिला गुरुवार युनेस्कोने शाळेतल्या हिंसेच्या आणि मुलांनी मुलांच्या केलेल्या छळाच्या विरोधातला दिवस म्हणून ठरवला आहे. आपल्याकडे त्या सुमारास बहुधा दिवाळीची सुट्टी असते, त्यामुळे तो साजरा करण्यातून आपण आपोआप सुटतो. फलक आणि घोषवाक्यं नसली तरी बिघडत नाही. त्या निमित्ताने नोंदवही उघडावी, एवढंच मनात आहे.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाचा ‘निरंक’वर विश्वास नाही. २०११ मध्ये ओत्सु शहरात तेरा वर्षांच्या एका मुलाने वर्गमित्रांच्या छळापायी जीव दिला. शाळेने आणि स्थानिक शिक्षण मंडळाने आधी हात वर केले. त्यावरून देशभर संताप उसळला आणि २०१३ मध्ये या विषयावर स्वतंत्र कायदा झाला. पुढे मंत्रालयाने एक वेगळीच सूचना काढली. ज्या शाळेत एकही घटना नोंदली गेली नाही, तिने तो शून्य मुलांना आणि पालकांना जाहीर सांगावा, म्हणजे काही नजरेतून सुटलं असेल तर तेच सांगतील. २०११ साली त्या देशात नोंदलेल्या घटना सुमारे ७० हजार होत्या. २०२३ च्या शालेय वर्षात त्या ७ लाख ३२ हजारांवर गेल्या. मोबाइलमुळे काही वाढ खरीही झाली असेल, पण बारा वर्षांत मुलं दहापट दुष्ट झाली असं काही नव्हे. मोठी माणसं मोजायला लागली. आपल्याकडे एखाद्या मुख्याध्यापकाने निरंकच्या जागी सतरा लिहिलं, तर त्याला आधी नोटीस येईल.

मोजायचं म्हणजे काय मोजायचं, इथेच पहिली अडचण येते. या प्रकाराला मराठीत एकच असा शब्द नाही. ‘गुंडगिरी’ म्हटलं की मुठी आणि सायकलची चेन डोळ्यांपुढे येते, आणि यातल्या कितीतरी प्रकारांत हातसुद्धा उचलावा लागत नाही. नाव पाडणं, डबा पळवणं, टपली मारून भलतीकडे बघणं, खेळात न घेणं, बाकावर शेजारी कुणी न बसणं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच मुलीच्या फोटोखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि विचारायला गेलं की सगळ्यांचं उत्तर एक: “मस्करी केली, सर.”

नॉर्वेत बर्गनला काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात हा विषय पहिल्यांदा शिस्तीने अभ्यासला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याला उलटून काही करता येत नाही अशावर केलेलं. तिसरी खूण आपण नेहमी विसरतो. दोन बरोबरीच्या पोरांची जुंपली तर ते भांडण. तिथे दोघांना समोरासमोर उभं करणं, हात मिळवायला लावणं ठीक आहे. पण एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला एक असेल, तर ‘दोघंही सॉरी म्हणा’ हा न्याय त्या एकट्याला दुसऱ्यांदा मारतो. टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपलं लाडकं वाक्य इथे खोटं ठरतं. इथे वाजते.

एक आठवण सांगतो. तालुक्याच्या एका शाळेत मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. एक मुलगा मधल्या सुट्टीत कधीच बाहेर जायचा नाही, पुस्तक घेऊन बसलेला असायचा. मला फार कौतुक. मी त्याला ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली दिली, पालकसभेत त्याचं उदाहरण दिलं. पंधरा-सोळा वर्षांनी एका लग्नात तो भेटला. पंगतीत शेजारीच बसला होता. गप्पा मारता मारता सहज म्हणाला, “सर, मी सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. प्यालो की मुतारीकडे जावं लागायचं, आणि तिथे ते उभे असायचे.” वाचनाची आवड मी लावली असं मी तोवर चारचौघांत सांगत होतो. त्या वर्षीच्या वहीत काय लिहिलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

तो बोलला का नाही? आपण त्याला बोलायची जागाच ठेवली नव्हती. बालवाडीपासून आपण शिकवतो की चहाडी करणं वाईट. चोंबडेपणा करू नकोस, जा जागेवर बस. स्वतःची सुटका मागणं आणि दुसऱ्याला मार खायला लावणं यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो, पण तो आपण कधी बोलून दाखवत नाही. आठवीत पोचेपर्यंत मूल शिकतं की सांगणारा तो ‘चमचा’. मग आपण मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी तक्रारपेटी टांगतो. तिच्यात चिठ्ठी टाकणारा कोण, हे मधली सुट्टी संपायच्या आत शाळाभर होतं.

सांगणारं कुणी नसलं, तरी बघणारे असतात. टोरांटोमध्ये डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या अभ्यासकांनी शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून छळाचे प्रसंग टिपले. बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती, मध्ये पडली ती मात्र पाचांतल्या एखाद्या वेळी. पण ज्या ज्या वेळी कुणी मध्ये पडलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी वर्गातल्या या भूमिका वेगळ्या करून मांडल्या: छळणारा, त्याचा हस्तक, हसून साथ देणारा, बाजूला राहणारा, पाठीशी उभा राहणारा. फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर पसरलेला ‘किवा’ कार्यक्रम याच मांडणीवर उभा आहे. छळणाऱ्याशी आणि छळ सोसणाऱ्याशी शाळेतली ठरलेली माणसं वेगवेगळं बोलतात. वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन-चार मुलांना विश्वासात घेऊन त्या एकट्याच्या सोबतीला उभं करतात. आणि थोड्या दिवसांनी पुन्हा बसून विचारतात, थांबलं का? हा शेवटचा प्रश्न आपण जवळजवळ कधीच विचारत नाही. एकदा दम भरला की आपल्या लेखी प्रकरण संपतं.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. किवाचा परिणाम लहान इयत्तांत जास्त दिसला, सातवीच्या पुढे कमी. आणखी एक गोष्ट तिथल्याच अभ्यासकांच्या ध्यानात आली. वर्गातला छळ कमी झाला तरी ज्या एखाद्या मुलाचा चालूच राहतो, तो जास्त खचतो. आधी त्याच्यासारखे चौघे होते. आता तो एकटाच आहे, म्हणजे खोट आपल्यातच आहे असं त्याला वाटू लागतं. तेव्हा सतराचे दोन झाले म्हणून पाठ थोपटून घ्यायच्या आधी ते दोघे कोण, हे बघावं लागेल.

बघ्यांच्या यादीत आपणही येतो. कधी कधी हस्तकांच्याही. ‘काळ्या’, ‘बारक्या’, ‘अडाणी’ ही नावं वर्गात पहिल्यांदा कुणी उच्चारली, हे आठवून पाहा. ‘स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा’ म्हणत जातीनिहाय यादी मोठ्याने वाचणारे आपणच. ‘व्हतं’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गासमोर ‘होतं’ असं पाचदा म्हणायला लावणारेही आपणच. मुलं आपल्या तोंडातलं उचलतात आणि मैदानावर वापरतात.

कायद्याबद्दल थोडं. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. तो फक्त कॉलेजांसाठी, असा समज आपल्यात पक्का आहे. प्रत्यक्षात शिक्षणसंस्थेच्या त्याच्या व्याख्येत वसतिगृह, अनाथालय, शिकवणीचे वर्गही येतात. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे द्यायचं. दुर्लक्ष केलं तर प्रमुखालाच साथ दिल्याबद्दल दोषी धरता येतं. हेतू चांगला आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत एका टोकाला काहीच नाही आणि दुसऱ्या टोकाला पोलीस ठाणं, अशी अवस्था झाली की मधला माणूस काय करतो? तो पालकांना चहा पाजून म्हणतो, “लेखी नका देऊ, मी बघतो.” आपल्या ‘निरंक’ची पाळंमुळं बरीचशी या एका वाक्यात आहेत. ते म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. घाबरलेला असतो.

म्हणून आधी कुणाचंही नाव न विचारता मोजून पाहू. या अंकाच्या मधल्या पानावर सहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती पाचवी ते दहावीच्या एकेका तुकडीत, सगळ्यांनी एकाच वेळी, नाव न घालता भरायची. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून फक्त खुणा करायच्या. ‘गेल्या दोन महिन्यांत किती वेळा’ असं विचारलंय, कारण ‘कधी झालंय का’ला सगळेच हो म्हणतात. शेवटच्या पानावर शाळेचा नकाशा मुलांनी स्वतः काढायचा आणि जिथे जायला नको वाटतं तिथे फुली मारायची. फुल्या जिन्याखाली, सायकल स्टँडपाशी, मुतारीपाशी आणि शाळेच्या बसच्या मागच्या बाकावर पडतील असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर आनंदच आहे. मधल्या सुट्टीची देखरेख कुठे लावायची ते त्या फुल्या सांगतील. आज आपण उभे राहतो ते स्टाफरूमच्या दारात, कारण तिथे चहा येतो.

भरलेले कागद वर्गशिक्षकाने उघडू नयेत, दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाने उघडावेत. फक्त बेरजा आमच्याकडे पाठवा, १५ डिसेंबरपर्यंत. पाकिटावर शाळेचं नाव नको. इयत्ता, पट आणि गाव की शहर एवढं पुरे. एखाद्या तुकडीची बेरीज शून्य आली, तर ती पाठवण्यापूर्वी त्या मुलांना वाचून दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा.