पाहुण्यांचे घर, आपले घर

कोकणातील अनेक वडिलोपार्जित घरे आज सुट्टीपुरती कुटुंबाची आणि एरवी पाहुण्यांची असतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने या व्यवस्थेला अधिकृत रूपही दिले. प्रश्न उरतो सामानसुमानाचा. पुष्कळ मालक आपल्यासाठी चांगल्या वस्तू कुलपात ठेवतात आणि भाडेकऱ्यांसाठी स्वस्तातल्या मांडतात. ही काटकसर फसवी आहे, असे मला वाटते. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पत्र्याचे कपाट गंजते, भुशाच्या फळीचे फर्निचर फुगते, बंद खोलीतील गादीला बुरशी चढते. सागवानी पलंग, उन्हात घालता येणारी कापसाची गादी, जाड बुडाची स्टीलची पातेली महाग पडतात; पण दोघांच्याही उपयोगी पडून वर्षानुवर्षे टिकतात.

अर्थात, कुलूपबंद कपाट हवेच. त्यात देवांचे टाक, जमिनीचे कागद, जुनी पत्रे असावीत; म्हणजे जे पुन्हा विकत मिळत नाही तेवढेच. पडवीतला झोपाळा आणि पाटा-वरवंटा मात्र बाहेरच राहावा. जे पांघरूण आपण स्वतः अंगावर घेणार नाही, ते पाहुण्याला देऊ नये. नाहीतर सुट्टीत आपणच आपल्या घरी भाडेकरू म्हणून उतरतो.