श्रीवर्धनला या, पण मंचुरियन खायला नको!

"तुमच्या श्रीवर्धनला बीच सोडून आहे तरी काय गं?" लाँग वीकएन्ड जवळ आला की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या हातात गाडीची किल्ली असते आणि डोक्यात गोव्याचं स्वस्त व्हर्जन! उत्तर जरा लांब आहे, म्हणून या वेळी संपादकांकडून दोन पानंच मागून घेतली.

पाहुणा कुठेही गेला तरी त्याला तीन गोष्टी लागतात. खायला काय, बघायला काय आणि संध्याकाळ कशी घालवायची. श्रीवर्धनकडे या तिन्हींची उत्तरं आहेत. पण आम्ही श्रीवर्धनकर ती मागच्या दारी ठेवतो आणि पुढच्या दारात पाहुण्यासमोर त्याच्याच शहरातली वस्तू मांडतो. माझी तक्रार पाहुण्यांवर आहेच, पण त्याहून जास्त आमच्यावर आहे.

आधी खाण्याचं. (होस्टेलवाल्यांसाठी लिहिताना दुसऱ्या कशापासून सुरुवात करणार?) किनाऱ्याजवळच्या हॉटेलांची मेनूकार्डं बघा. पनीर बटर मसाला, व्हेज मंचुरियन, शेजवान राईस, चायनीज भेळ. म्हणजे जे आपल्या कॉलेजच्या गेटबाहेर मिळतं ते खायला लोक घाट उतरून येतात. आणि त्याच वेळी शंभर पावलांवरच्या एखाद्या घरात केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असा बेत असतो. मासे खाणाऱ्यांकडे कोलंबीचं कालवण आणि कुरकुरीत बोंबील. सकाळी घावन आणि खोबऱ्याची चटणी. श्रावणात हळदीच्या पानात वाफवलेले पातोळे, मे महिन्यात फणसाची सांदणं. आमच्या मोहल्ल्यांतल्या कोकणी मुसलमान घरांत तांदूळ आणि नारळ तेच, पण हात वेगळा आणि चव निराळी. यातलं मेनूकार्डावर किती? सोलकढी. बस्स. तीही पुष्कळदा पातळ गुलाबी पाणी!

हॉटेलवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "गिऱ्हाईक मागतं तेच आम्ही ठेवतो." गिऱ्हाईकाला विचारलं तर ते म्हणतं, "कार्डावर होतं तेच मागवलं." आता यात आधी कोणी बदलायचं? माझ्या मते हॉटेलवाल्याने. बाहेरून आलेल्या माणसाला केळफूल म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर तो ते मागणार कुठून?

आमच्या जपानी भाषेच्या वर्गात (हो, एन-फोर देणाऱ्यांमध्ये मीही आहे) तिथल्या शहरांच्या पाहुणचारावर एक धडा होता. तिकडे रेल्वे स्टेशनवर जेवणाचे डबे मिळतात, त्यांना 'एकिबेन' म्हणतात. गंमत अशी की भागाभागाचा डबा वेगळा. तोयामाचा प्रसिद्ध डबा म्हणजे बांबूच्या पानांत दाबून बसवलेला भात आणि वर ट्राउट मासा. वाचताना मला आपले पातोळेच आठवले. पानाचा वास भाताला लागू द्यायचा, ही अक्कल दोन्हीकडे सारखीच आहे. फरक एवढाच की त्यांनी ते पान स्टेशनवर आणून अभिमानाने विकलं, आणि आम्ही म्हणतो, "अहो, पाहुण्यांना काय असलं घरगुती द्यायचं!" श्रीवर्धनला रेल्वे नाही. माणगावला उतरून म्हसळामार्गे एसटीने यावं लागतं. पण एसटी स्टँड तर आहे ना? तिथे वेफर्सच्या माळांशेजारी केळीच्या पानात बांधलेली दोन घावनं आणि चटणी ठेवायला कोणती टेक्नॉलॉजी लागते?

दुसरी एक जपानी रीत म्हणजे 'ओमियागे'. गावाला गेलेल्या माणसाने परतताना ऑफिसातल्यांसाठी तिथलीच खाऊची पेटी आणायची. आमच्याकडे अशी वस्तू आयती आहे. श्रीवर्धनी रोठा! ही सुपारी कातरली की आत पांढरा भाग जास्त दिसतो, खायला मऊ, आणि तिला बाजारात मान आहे. सुपारीवर संशोधन करणारं कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्रसुद्धा श्रीवर्धनलाच आहे. (सुपारी खा असं मी सुचवत नाहीये, आमच्या रेक्टर मॅडम हे पान वाचतात. आजोबांना न्या, पूजेला न्या.)

आणि सुपारीचा विषय निघाला की वाडीबद्दल बोलायलाच हवं, कारण माझ्या मते श्रीवर्धनमध्ये बघण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ती वाडी. पुढे अंगण, मध्ये घर, मागे नारळ-पोफळी, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, पाटाने खेळणारं पाणी, आणि वाडीच्या शेवटी समुद्राचा आवाज. पाहुण्याला गारवा वाटतो तो या झाडांचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, चाळीस-पन्नास फूट उंच, मनगट-मांडीच्या मधल्या जाडीचं खोड आणि सगळा भार शेंड्याला. ताशी शंभर किलोमीटरच्या वरच्या वाऱ्यात असा कॅन्टिलिव्हर टिकेल कसा? आणि पोफळ काही भात नव्हे, यंदा गेला तर पुढच्या वर्षी पेरला. रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर घर चालवायचं कशावर? म्हणून अनेकांनी खोल्या काढल्या. त्यात गैर काहीच नाही, कितीतरी घरं त्या खोल्यांनीच सावरली.

पण आमच्या आळीतल्या दोन वाड्यांमध्ये पुन्हा रोपं लागलीच नाहीत. तिथे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग झालं. पाहुण्याच्या गाडीसाठी जागा हवी, म्हणून ज्या सावलीसाठी तो आला तीच काढली! हा हिशोब मला काही केल्या जमत नाही. खोलीचं भाडं आज मिळतं आणि झाड सात वर्षांनी, हे मान्य. पण सात वर्षांनी नुसत्या खोल्याच उरल्या, तर त्या पनवेललाही आहेत.

बाकी बघण्याच्या जागा थोडक्यात सांगते. पेशवाईचं मूळ आमच्या गावात. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती, त्यातले बाळाजी विश्वनाथ सिद्दीशी बिनसल्यावर घाटावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांचं स्मारक आहे, लक्ष्मीनारायणाचं आणि जीवनेश्वराचं देऊळ आहे. दिवेआगरला १९९७ साली पोफळीच्या बागेत खोदताना पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला. २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला, दोन रखवालदारांचे जीव गेले आणि २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा बसवला. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला येणारा समुद्राकाठचा रस्ता तर तिकीट लावावं इतका सुंदर आहे. (नको, कोणी खरंच लावेल!)

हरिहरेश्वर वीसेक किलोमीटरवर आहे. तिथली प्रदक्षिणेची वाट पायऱ्यांनी खडकांत उतरते आणि समुद्राला लागून जाते. ओहोटी असेल तेव्हाच जायचं. ही साधी गोष्ट न पाळल्यामुळे लोकांचे जीव गेले आहेत. 'धोका' असा बोर्ड लावून आपण मोकळे होतो, पण पुण्याहून आलेल्या माणसाला धोका किती वाजता असतो ते कसं कळणार? भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ती आधीपासून छापलेली मिळते. एक फळा आणि एक खडू घ्या, रोज सकाळी 'आज ओहोटी इतक्या वाजता' एवढंच लिहा. कॅपस्टोन प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी सोलरवर चालणारा डिस्प्ले करावा, आयडिया फुकट देते.

राहिली करमणूक. सध्या ती म्हणजे बनाना बोट, स्पीकर आणि वाळूत गाडी घालणे. ओल्या वाळूत एसयूव्ही रुतते, भरती चढत येते, मग ट्रॅक्टर बोलावतात आणि सगळा किनारा ते बघायला जमतो. खरं सांगू, सॉईल मेकॅनिक्सचं इतकं चांगलं प्रॅक्टिकल आपल्या लॅबमध्येही होत नाही! पण आमच्या भागातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा हा विनोद तिथेच थांबवावा.

जपानमधल्या गिफू शहरात उन्हाळ्याच्या रात्री नागारा नदीत कोळी होडीच्या टोकाला जाळ पेटवून पाणकावळ्यांकडून मासे पकडतात आणि पाहुणे दुसऱ्या होडीत बसून ते बघतात. जुना धंदा, आज मुख्यतः पाहुण्यांमुळेच टिकलेला. आमच्याकडे होड्या किनाऱ्याला लागतात आणि माशांचा लिलाव होतो, त्या पाच मिनिटांत जेवढं नाटक असतं तेवढं कुठल्याही डीजे नाईटमध्ये नाही. गौरी-गणपतीत जाखडी असते, शिमग्याला पालखी नाचते. पण जाखडी रिसॉर्टच्या लॉनवर जेवणाच्या बुफेशेजारी नाचवू नये असं मला वाटतं. ज्याला बघायची असेल त्याने त्या दिवसांत यावं, बाजूला उभं राहावं.

बाजूला उभं राहणं महत्त्वाचं. क्योटोच्या गिऑन भागात पाहुण्यांनी इतका उच्छाद मांडला की २०२४ मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्यांत त्यांना बंदी आणि दहा हजार येनचा दंड लावावा लागला. आमच्या आळ्या अजून उघड्या आहेत. पण कोणाच्या विहिरीवर चढून सेल्फी काढणाऱ्यांना बघितलं की आजी म्हणते, "बेड्याला आता कुलूप घालावं लागेल गो."

तर येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करा आणि व्हेज की नॉनव्हेज ते सांगा. नारळ खवायला आणि मासळी आणायला वेळ लागतो, घरगुती खाणावळीत ऐन दोनला जाऊन "क्या मिलेगा?" विचारलं तर पिठलं मिळेल. सोलकढी ताजी आहे का ते विचारा. आणि थंडीत आलात तर अंगणांत सुपारी वाळत घातलेली असेल, पार्किंग समजून तिच्यावर गाडी घालू नका.