मालाच्या वाटेने शिवालयांकडे

जुन्नरहून पश्चिमेला आपटाळ्याचा रस्ता धरला की ऊस आणि टोमॅटोचे मळे हळूहळू मागे पडतात, भाताची खाचरे सुरू होतात आणि उजव्या हाताला चावंडचा किल्ला उभा राहतो. मोटारीने जाणाऱ्याला हा बदल जाणवण्यापूर्वीच पूर गाव येते. सायकलने जाणाऱ्याला मात्र प्रत्येक चढ मोजावा लागतो. चढावर त्याचा वेग ताशी सहा-सात किलोमीटरांवर येतो. हा वेग ओझ्याच्या बैलापेक्षा फार मोठा नाही, आणि या प्रदेशाला समजून घ्यायला तोच योग्य आहे.

गेल्या काही वर्षांत पुणे, मुंबई आणि नाशिककडील सायकलस्वार ‘झंज राजाची बारा शिवालये’ या नावाने ओळखली जाणारी यात्रा सायकलवरून करू लागले आहेत. परंपरा अशी की झंज नावाच्या राजाने सह्याद्रीतील नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरे बांधली. त्यांत कुकडीच्या उगमाजवळचे पूरचे कुकडेश्वर, खिरेश्वरचे नागेश्वर, मीना नदीच्या खोऱ्यातील पारुंड्याचे ब्रह्मनाथ आणि घोड नदीच्या खोऱ्यातील वचपे येथील सिद्धेश्वर ही नावे सांगितली जातात. हरिश्चंद्रगडावरील हरिश्चंद्रेश्वर आणि रतनवाडीचे अमृतेश्वर जिल्ह्याची सीमा ओलांडल्यावर लागतात. सर्व बारा ठिकाणे एका दमात करणारे थोडे. बहुतेकजण चार-पाच दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके फिरतात, वाटेत ओझर आणि लेण्याद्री येथील अष्टविनायकांचे दर्शन घेतात आणि अखेर भीमाशंकराला पोहोचतात.

झंज राजा काल्पनिक नाही. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तेथे याच राजाचा अंमल असल्याची नोंद त्याने केली आहे. पुढील शिलाहारांच्या ताम्रपटांत या पूर्वजाने स्वतःच्या नावाने बारा शिवालये उभारल्याचा उल्लेख येतो. परंतु ती कोणत्या गावी, हे ताम्रपट सांगत नाहीत. आज दाखवली जाणारी काही मंदिरे, त्यांच्या शिल्पशैलीवरून, अभ्यासकांना एक-दोन शतकांनंतरची वाटतात. म्हणजे जमेची नोंद खरी आहे, पावत्या मात्र नंतर जोडलेल्या आहेत. श्रद्धेला त्याने काही बाधा येत नाही. कुकडेश्वराच्या भिंतीवरील कोरीव काम पाहताना तारखेचा वाद मनात राहत नाही.

आता प्रश्न घरातला. नारायणगाव, मंचर, जुन्नर, ओतूर या बाजारपेठांतून आपल्या समाजाची दुकाने पिढ्यान्पिढ्या आहेत. त्या घरांतील एखादा तरुण ‘चार दिवस सायकलने शिवालयांना जाऊन येतो’ म्हणाला, तर दोन आक्षेप हमखास निघतात. आई म्हणते, महामार्गावर ट्रकांची गर्दी आहे. आजोबा म्हणतात, सम्यक्त्वाचे काय?

आजोबांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वीतरागाशिवाय अन्य देवाला देव मानणे आपल्या शास्त्राला मान्य नाही. तरीही प्रबंधग्रंथांत आचार्य हेमचंद्रसूरींची सोमनाथची कथा आहे. राजा कुमारपालाबरोबर ते सोमनाथाला गेले. आता हे काय करतात, याकडे विरोधकांचे डोळे लागले होते. आचार्यांनी स्तुती केली ती राग-द्वेष क्षीण झालेल्या तत्त्वाची. त्याला कोणी कोणतेही नाव द्यावे, नमस्कार त्या गुणांना. बाराव्या शतकातील हा प्रसंग तोल कसा राखावा हे दाखवतो: दुसऱ्याच्या मंदिरात जाऊन त्याचा अनादरही नाही आणि स्वतःच्या श्रद्धेशी तडजोडही नाही. शिवाय जुन्नरची भूमी या बाबतीत मोकळी राहिली आहे. लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या दालनात आहे तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. गावाजवळच्या मानमोडी डोंगरातील बौद्ध लेण्यांमध्ये पुढे जैन मूर्ती आल्या, आणि तेथील एका समूहाला ‘अंबा-अंबिका’ हे नाव मिळाले ते आपल्या अंबिका यक्षीमुळे. शिवालयांच्या वाटेवर निघालेल्या जैन तरुणाने अर्धा दिवस तेथेही द्यावा. त्या पायऱ्या आपल्या समाजातील फार थोड्यांनी चढल्या असतील.

पायी यात्रेचे वळण तर आपल्याला नवे नाही. छ’री पालित संघात यात्रेकरू पायी चालतो, एक वेळ जेवतो, जमिनीवर झोपतो, ब्रह्मचर्य पाळतो. सायकलयात्रा ही त्या कोटीतील साधना नव्हे आणि तशी ती म्हणवूही नये. मात्र शरीर थकवून देवापाशी जाण्याचा हेतू दोन्हींकडे सारखाच. पारुंड्याच्या वाटेने तर नाथपंथी जोग्यांची झुंडी दर बारा वर्षांनी त्र्यंबकेश्वराहून थेट मंगळूरजवळच्या कद्रीपर्यंत पायी जाते. त्यापुढे चार दिवसांची सायकल काहीच नाही.

नियम पाळणाऱ्याची वाटेत अडचण होते ती खाण्याची. या भागाची प्रसिद्ध मासवडी नावाने दचकवते, पण तिच्यात मासा नसतो, बेसन आणि तिळाचे सारण असते. मात्र त्या सारणात लसूण-कांदा असतो, त्यामुळे आपल्याला ती वर्ज्यच. नाष्ट्याला सर्वत्र बटाटावडा. ज्या मंचरच्या बाजारात कांदा-बटाट्याची एवढी उलाढाल होते, तेथे आपल्यातील कित्येक व्यापारी आयुष्यभर हा माल तोलतात आणि घरी चाखत नाहीत, हा विरोधाभास आपल्यालाच सवयीने दिसेनासा झाला आहे. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांत आधी सांगून ठेवले तर नाचणीची भाकरी, भात आणि साधे वरण मिळते. चौविहाराचा नियम येथे उलट उपयोगी पडतो. जुन्नर तालुक्यात उसातून बिबट्यांचा वावर आहे. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून मुक्कामी थांबणारा यात्रेकरू आपला नियमही पाळतो आणि जीवही सांभाळतो. पावसाळ्यात मात्र निघू नये. चातुर्मासात साधू-साध्वी विहार का करत नाहीत, हे आषाढातील घाटरस्त्यावर चाकाखाली येणारे खेकडे आणि गोगलगायी पाहिल्या की वेगळे समजवावे लागत नाही. आश्विन संपल्यानंतरचे दिवस उत्तम.

दुसऱ्या दिवशी पूरपासून फाटा धरून घाटघरमार्गे नाणेघाट गाठता येतो. येथे शिवालय नाही, पण व्यापाऱ्याच्या मुलाने हे ठिकाण टाळू नये. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल याच खिंडीतून जुन्नरच्या पेठेत चढत असे. तेथील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. गुहेतील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि सारे आकड्यांत मांडलेले. अंकलेखनाच्या इतिहासात हा लेख मोलाचा मानला जातो. जुन्नरच्या लेण्यांतील लेखही असेच बोलके आहेत. एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून धर्मकार्याची सोय केली आहे. मुद्दल हलवायचे नाही आणि व्याजातून दान चालवायचे, ही आपल्या देरासरांच्या ट्रस्टमधील पद्धत या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रुजलेली होती.

येथपर्यंतची कथा अभिमानाची आहे. पुढची तशी नाही, आणि सायकलने जाणाऱ्याला ती चुकवता येत नाही.

घोड आणि मीनेच्या वरच्या खोऱ्यांत महादेव कोळी समाजाची गावे आहेत. तेथून उतरणारा मुख्य माल हिरडा. कोवळी फळे काढून वाळवलेला बाळहिरडा औषधांसाठी दूरवर जातो. हा माल पिढ्यान्पिढ्या डोक्यावरून, बैलांवरून आणि पुढे जीपमधून खाली बाजाराला आला. दुकानातील माणूस मात्र वर क्वचितच गेला. त्याला कुटुंबांची नावे ठाऊक होती ती खातेवहीतील. एकोणिसाव्या शतकात याच वहीवरून आग भडकली. राघोजी भांगरे यांनी सावकारांविरुद्ध बंड केले, त्यांना १८४८ मध्ये ठाण्याला फाशी झाली. त्यानंतर १८७३ च्या सुमारास आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होनाजी केंगले उठला. पश्चिम पुणे जिल्ह्यातील सावकार त्याच्या धाकाने गावे सोडू लागले. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच काळात, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले आणि पुणे-नगर जिल्ह्यांत ‘दख्खनचे दंगे’ पसरले. या दंग्यांचा रोख गुजराती आणि मारवाडी सावकारांवर होता, आणि त्यांत आपले पूर्वजही होते. सरकारने आयोग नेमला. १८७९ मध्ये शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला, आणि न्यायालयांना कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशोब तपासण्याचा अधिकार मिळाला.

आपल्या कुटुंबांत या गोष्टी सांगितल्या जातात त्या ‘आजोबांच्या आजोबांची पेढी लुटली’ एवढ्यापुरत्या. ते खोटे नाही. लुटणाराही हिंसेपासून मुक्त नव्हता, आणि प्रत्येक सावकार लबाड होता असेही नाही. अडीनडीला दुसरे कोणी कर्ज देत नव्हते, हेही तितकेच खरे. पण अदत्तादान आणि परिग्रह यांची चर्चा पर्युषणात करणाऱ्या समाजाने दस्त का जाळले गेले, हाही प्रश्न एकदा स्वतःला विचारायला हवा. दुकानाच्या ओट्यावर बसून तो सुचत नाही. जांभोरीच्या दिशेने चढ चढताना दम लागतो, एखादी म्हातारी हंड्यातून पाणी ओतून देते, ‘कुठून आलास बाबा?’ म्हणून विचारते, आणि ‘मंचरहून’ म्हटल्यावर बाजारातल्या एखाद्या दुकानाचे नाव घेते. ते दुकान आपल्या काकांचे निघाले, तर पुढचा घोट गिळताना जरा थांबावे लागते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याच्या झाडांची मोडतोड केली. झाड पुन्हा फळाला यायला वर्षे जातात. भाव ठरवताना ही गोष्ट माहीत असलेला व्यापारी आणि नसलेला व्यापारी यांच्यात फरक पडतो.

घोडेगावहून पुढे डिंभे धरणाचा जलाशय दिसतो. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगाव त्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो, नाव मात्र बुडालेल्या गावाचे राहिले. याच परिसरात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव नव्या जागी वसवले आहे. सायकलस्वारांचे गट तेथे थांबतात, पण छायाचित्रांसाठी थांबणारेही त्यांत असतात. तसे न केलेले बरे. दोन मिनिटे उभे राहून नवकार म्हणावा आणि पुढे निघावे.

शेवटचा टप्पा भीमाशंकर. मंचरपासून हा रस्ता साठ किलोमीटरांहून थोडा अधिक, आणि त्यातील उत्तरार्ध जवळजवळ सारा चढाचा. १९८५ मध्ये घोषित झालेले अभयारण्य सुरू झाले की सावली येते आणि नशीब असेल तर शेकरू दिसते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या मंदिराचे शिखर नाना फडणवीसांच्या काळातले. समोरची मोठी घंटा पोर्तुगीजांची आहे. तिच्यावर १७२९ हे साल आहे आणि वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी ती येथे अर्पण केली, असे सांगतात. एका धर्माच्या प्रार्थनागृहासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या दारी इतकी वर्षे वाजते आहे.

परतीचा उतार मात्र जपून उतरावा. यात्रेतील दुखापती चढावर कमी आणि उतारावर अधिक होतात. ब्रेक आधी तपासावेत, सतत दाबून न धरता सोडत-धरत उतरावे, आणि वळणावर मोटारीची वाट अडवू नये. आईचा ट्रकांविषयीचा आक्षेप तर पूर्ण रास्त आहे. पुणे-नाशिक महामार्गावर सायकल घालूच नये. नारायणगाव किंवा मंचरपर्यंत सायकल टेम्पोतून आणावी आणि तेथून आतल्या रस्त्याने निघावे.

टेम्पो बहुतेक घरचाच असतो. हिरडा, कांदा, टोमॅटो घेऊन तो आयुष्यभर उताराने धावलेला असतो. या खेपेला त्यात सायकल आडवी ठेवायची, तिच्याखाली रिकामी पोती अंथरायची, आणि सुटे पैसे बरोबर ठेवायचे. वर कोणाकडे पाणी प्यायलो, कोणाकडे जेवलो, त्यांची नावे लिहायला एक कोरी वही घ्यायची. दुकानातली नको.